संघनायक कोण? : मैदानावरील एका जुन्या वादाचा इतिहास

मैदानाबाहेर बसलेला माणूस खेळाविषयी जे बोलतो त्याला आपल्याकडे फारशी किंमत दिली जात नाही. अमक्याला का घेतले, तमक्याला का वगळले, कप्तान बदलायला हवा होता, प्रशिक्षकाला काही कळत नाही, ही सारी बडबड संघ हरला की चहाच्या टपरीवर सुरू होते आणि पेला रिकामा झाला की संपते, असे समजले जाते. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र ही बडबड दुर्लक्षून चालणार नाही. कारण या वादात समाज नकळत एका मोठ्या प्रश्नाचे उत्तर देत असतो. खेळायचे कुणी आणि ठरवायचे कुणी, हा तो प्रश्न. वर्णव्यवस्थेने या देशात हाच प्रश्न शेतात, देवळात, शाळेत आणि कचेरीत सोडवून ठेवला होता. राबणारा हात एकाचा आणि हुकूम दुसऱ्याचा. खेळाचे मैदान नवे होते, इंग्रजांनी आणले होते. तेथे हे जुने उत्तर चालले की मोडले, हे पाहण्यासाठी प्रस्तुत लेख आहे.

हॉकी हा खानदेशातला घराघरांतला खेळ नाही. आमच्या पोरांचे खेळ कबड्डी, खो-खो आणि कुस्ती. तरी ऑलिंपिकचे वारे सुटले की जळगाव-धुळ्याकडेही हॉकीवर हिरिरीने बोलले जाते. जानेवारी २०२४ मध्ये रांची येथे भारताचा महिला संघ जपानकडून ०-१ असा हरला आणि पॅरिस ऑलिंपिकची वाट बंद झाली, तेव्हा माझ्या विद्यार्थ्यांत दोन दिवस हाच विषय होता. प्रशिक्षक चुकली, पेनल्टी कॉर्नर वाया घालवले, दुखापतीमुळे वंदना कटारिया नव्हती म्हणून घात झाला, अशी मते पडत होती. वंदनेचे नाव निघाले तसे एकाने टोकियो ऑलिंपिकच्या वेळी तिच्या घरापुढे काय घडले होते त्याची आठवण काढली. त्यावर माझे एक सहकारी म्हणाले, "मैदानाला जात नसते. परदेशी प्रशिक्षकाला आपल्या जाती कुठे ठाऊक? तुम्ही लोक सगळीकडे तेच शोधता."

हे सहकारी सज्जन आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात सत्याचा अंश आहे. धावसंख्या आणि गोल मोजताना जात मोजता येत नाही. खेळाचा नियम सर्वांना एक असतो, आणि ज्या समाजात कशाचाच नियम सर्वांना एक नव्हता तेथे ही लहान गोष्ट नाही. पण "मैदानाला जात नसते" हे वाक्य मैदानाच्या चुन्याच्या रेघेच्या आतपुरतेच खरे आहे. रेघेच्या बाहेर निवड समिती बसते, व्यवस्थापक बसतो, प्रशिक्षक बसतो आणि प्रेक्षक बसतो. तेथे काय चालते?

२

क्रिकेट आणि हॉकी हे दोन्ही खेळ आपल्याकडे तीन वाटांनी आले : लष्करी छावणी, जिमखाना आणि रेल्वे. कलकत्त्याची बायटन कप हॉकी स्पर्धा १८९५ साली आणि मुंबईची आगाखान स्पर्धा १८९६ साली सुरू झाली. रेल्वेच्या वसाहतींतून गोरे आणि अँग्लो-इंडियन कर्मचारी हॉकी खेळत. आमच्या जिल्ह्यातले भुसावळ हे जी. आय. पी. रेल्वेचे मोठे जंक्शन. गोऱ्या साहेबांचे बंगले एकीकडे, खलाशी आणि सफाई कामगारांच्या चाळी दुसरीकडे, अशीच रेल्वेच्या गावांची रचना असे. मैदान पहिल्या बाजूला, मैदान झाडणारे दुसऱ्या बाजूला.

छावणीशी आमच्या लोकांचा संबंध जुना. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. शिस्त, कवायत, अक्षरओळख आणि नियमित पगार या गोष्टी त्यांना पलटणीत मिळाल्या. परंतु १८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत सरकारने महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज तयार केला. या घटनेकडे आपण नेहमी नोकरीचा आणि प्रतिष्ठेचा प्रश्न म्हणून पाहतो, आणि ते बरोबरच आहे. मला त्यात आणखी एक नुकसान दिसते. छावण्यांतून देशी पलटणींचे हॉकीचे आणि फुटबॉलचे संघ उभे राहू लागले, नेमक्या त्याच काळात आमचा माणूस छावणीबाहेर काढला गेला. पुढे पलटणींनी देशाला हॉकीपटू दिले. ध्यानचंद हे त्यांपैकीच. त्या वाटेवर आमचे पाऊल पडण्याआधीच दार लागले.

खानदेशाचा अनुभव याला जोडून पाहावा. जेम्स औट्रमने १८२५ पासून धरणगाव येथे भिल्लांची पलटण उभी केली. सातपुड्याच्या आणि सातमाळ्याच्या डोंगरांत इंग्रजांना ज्यांनी दमवले, त्यांचेच पाय, त्यांचीच नजर आणि त्यांचीच वाटांची माहिती इंग्रजांनी कामाला लावली. पलटण भिल्लांची, हुकूम साहेबाचा. राबणाऱ्या अंगाचे कौशल्य मान्य करायचे आणि निर्णयाची जागा राखून ठेवायची, ही रीत ब्राह्मणांनी एकट्यांनीच चालवली असे नाही. गोऱ्या राज्यकर्त्यालाही ती सोयीची होती. हे ध्यानात ठेवले म्हणजे बाळू पालवणकरांची कथा नीट उलगडते.

३

बाळू पालवणकर यांचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. मूळ गाव कोकणातले पालवण. जात चांभार. पुण्यात पारशांच्या एका क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडणे, रोलर फिरवणे, ही त्यांची पहिली नोकरी. महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात लागले, तेथे चार रुपये मिळू लागले. तेथे साहेब लोकांना सरावासाठी गोलंदाजी करायला कुणीतरी हवे होते. जे. जी. ग्रेग हा त्या वेळचा नामांकित फलंदाज. तासन्‌तास ग्रेगला चेंडू टाकता टाकता हा डावखुरा पोरगा हिंदुस्थानातला उत्तम फिरकी गोलंदाज झाला.

येथे थांबून एक गोष्ट पाहू. पूना क्लबात बाळूंनी असंख्य चेंडू टाकले, पण त्यांच्या हाती फलंदाजीसाठी बॅट कुणी दिली नाही. गोलंदाजी हे कष्टाचे काम, ते नोकराने करावे. फलंदाजी हा साहेबाचा आनंद. खेळातही श्रम आणि भोग यांची वाटणी झाली. त्याचा परिणाम दूरवर गेला. त्या काळी संघाचा नायक बहुधा फलंदाज असे. ज्याला फलंदाजी शिकूच दिली नाही त्याला पुढे नायकपदासाठी मागे ठेवणे सोपे जाते. शिक्षण नाकारायचे आणि मग अशिक्षित म्हणून अधिकार नाकारायचा, हे आपल्या फार ओळखीचे आहे.

पुण्याच्या हिंदू क्लबात बाळूंना घ्यावे की नाही यावर वाद झाला. काहींना युरोपियनांना हरवायचे होते, काहींना विटाळाची भीती होती. बाळूंना दूर ठेवले तर हिंदू मूर्ख ठरतील, अशा अर्थाचे मत खुद्द ग्रेगने व्यक्त केले आणि पारडे झुकले. बाळू संघात आले. मैदानात तोच चेंडू सर्वांच्या हातांतून फिरे. चहाच्या सुटीत मात्र इतरांना पॅव्हिलियनमध्ये चिनी मातीच्या कपात चहा आणि बाळूंना बाहेर, मातीच्या मडक्यात. तोंड धुवायला पाणी घालायचे तर तेही अस्पृश्य नोकरानेच. जेवण वेगळे. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता. विजय मिळवून देणाऱ्या वस्तूला विटाळ लागत नाही, हे शास्त्र कोणत्या स्मृतीत लिहिले आहे ते पंडितांनी सांगावे.

प्लेगच्या सुमारास बाळू मुंबईला आले आणि हिंदू जिमखान्यातून खेळू लागले. तेथे विरोध कमी झाला. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. त्या संघात बाळू आणि त्यांचे बंधू शिवराम दोघेही होते. "इंडियन सोशल रिफॉर्मर"सारख्या पत्राने त्या वेळी आवर्जून लिहिले की, पुण्यात बाहेर चहा पिणारे हे भाऊ मुंबईत इतरांबरोबर जेवतात, आणि या विजयाचा खरा धडा तोच आहे. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. संघाची एकूण कामगिरी सामान्य होती. बाळूंनी मात्र दौऱ्यात ११४ बळी घेतले. वय पस्तीस. महाराज काही सामने खेळून राजेलोकांच्या मेजवान्यांकडे वळले. कप्तान कुणाला म्हणतात आणि संघ कुणाच्या खांद्यावर चालतो, यांतले अंतर तेव्हा जगासमोर आले.

४

आता मूळ वादाकडे येऊ. हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन यांचे चौरंगी सामने १९१२ पासून होऊ लागले. बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल असे चारही पालवणकर बंधू हिंदू संघातून खेळले. बाळू सर्वांत अनुभवी. तरी कप्तानपद त्यांच्याकडे आले नाही. १९१३ साली एम. डी. पै यांना कप्तान नेमले. पैंच्या प्रामाणिकपणाची नोंद केली पाहिजे. आपल्या सत्काराच्या समारंभातच त्यांनी सांगितले की हा मान ज्येष्ठ आणि अनुभवी बाळूंना मिळायला हवा होता. सवर्णांतही न्यायाची जाण असणारे होते. पण एका सज्जन माणसाच्या भाषणाने निवड समिती बदलली नाही, हेही तितकेच खरे.

प्रकरण पेटले ते १९२० साली. बाळूंना संघातून वगळले. पै आजारी असल्याने पहिल्या सामन्यासाठी दि. ब. देवधर यांना कप्तान केले. देवधर पुण्याचे, संस्कृतचे प्राध्यापक आणि उत्कृष्ट फलंदाज. त्यांच्या गुणवत्तेविषयी शंका नाही. प्रश्न असा होता की विठ्ठल पालवणकर संघात असताना आणि त्यांचा अधिकार आधीचा असताना त्यांना का ओलांडले? विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली आणि वर्तमानपत्रातून निवेदन काढून कारण सांगितले. जातीमुळे आपल्याला डावलले जाते, हे त्यांनी लपवून ठेवले नाही.

या निवेदनाला मी दलित समाजाच्या सांस्कृतिक इतिहासातला एक महत्त्वाचा नकार मानतो. महाडच्या आधीची ही सात वर्षे. "मूकनायक" त्याच १९२० च्या जानेवारीत निघाले होते. त्या वर्षी ज्यांना मुके समजले जात होते ते दोन ठिकाणी बोलू लागले, एक छापखान्यात आणि एक मैदानात. पालवणकर बंधू सभेत भाषणे करणारे नव्हते. त्यांच्याजवळ एकच शस्त्र होते, आपला खेळ. तो त्यांनी काढून घेतला. महाराने गावकीचे काम नाकारावे तसे त्यांनी जिमखान्याचे काम नाकारले.

मग प्रेक्षक बोलू लागले. येथे प्रेक्षक म्हणजे कोण हे पाहिले पाहिजे. जिमखान्याचे सभासद थोडे होते. सामना पाहायला येणारे कारकून, विद्यार्थी, दुकानदार, गिरण्यांत काम करणारे हजारोंनी होते. निवड समितीत त्यांना मत नव्हते. पण तिकीट त्यांचे होते, टाळी त्यांची होती, आणि वर्तमानपत्राला पत्र पाठवण्याचा हक्कही त्यांचा होता. पत्रांतून वाद झडला. त्यातच काँग्रेसने अस्पृश्यतानिवारणाचा विषय उचलला होता. एका तोंडाने अस्पृश्यता पाप म्हणायचे आणि दुसऱ्या तोंडाने विठ्ठलला कप्तानपद नाकारायचे, ही विसंगती झाकणे अवघड झाले. समितीला पाऊल मागे घ्यावे लागले. पुढच्या सामन्यात बाळूंना परत घेतले, उपकप्तान केले, दोघे भाऊही आले. पै काही काळ मैदानाबाहेर गेले आणि बाळूंनी संघ चालवला. वीस-पंचवीस वर्षांच्या खेळानंतर त्यांच्या वाट्याला आलेले कप्तानपद ते एवढेच, उसने आणि थोड्या वेळाचे.

विठ्ठलना त्यानंतरही १९२३ पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी ते हिंदू संघाचे कप्तान झाले. संघाने अंतिम सामन्यात युरोपियनांना हरवले आणि सवर्ण प्रेक्षकांनी विठ्ठलना खांद्यावर उचलून घेतले. १९२५ आणि १९२६ साली त्यांच्याच नेतृत्वाखाली पुन्हा विजय मिळाला. पुढे त्यांनी "माझे क्रीडा-जीवन" हे आत्मचरित्र मराठीत लिहिले.

हा बदल कशाने झाला? मला चार कारणे दिसतात. खेळाडूंनी काम थांबवले. त्यांनी कारण जाहीरपणे सांगितले. प्रेक्षकांनी तो प्रश्न आपला मानला. आणि युरोपियनांना हरवण्याची हिंदूंना गरज होती. यांतले चौथे कारण आपल्या हातचे नाही. गरज संपली की औदार्यही संपते. पहिली तीन मात्र माणसांच्या हातची आहेत. समितीला एका सकाळी समतेचा साक्षात्कार झाला असे या इतिहासात कुठेही दिसत नाही.

५

कथा येथेच संपवली असती तर ती गोड झाली असती. खांद्यावर उचलून घेणारे लोक खाली कुठे उतरवतात, तेही पाहिले पाहिजे.

बाळू पुढे राजकारणात आले. पुणे कराराच्या वाटाघाटींत ते होते, आणि त्यांचा कल बाबासाहेबांच्या स्वतंत्र वाटेकडे नव्हता. फेब्रुवारी १९३७ च्या मुंबई प्रांताच्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईतल्या राखीव जागेवर बाबासाहेबांच्या विरुद्ध बाळू पालवणकरांनाच उभे केले. बाबासाहेब सुमारे दोन हजार मतांनी निवडून आले. त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे इतर उमेदवारही प्रांतभर निवडून आले. पूर्व खानदेशातून डी. जी. जाधव गेले. त्याच वर्षी ३१ जुलैला बाबासाहेब एका खटल्याच्या कामासाठी धुळ्याला आले होते. लळिंगच्या लांडोर बंगल्याशी ती आठवण जोडलेली आहे आणि दरवर्षी त्या दिवशी हजारो माणसे तेथे जमतात.

बाळूंवर राग धरण्याचे कारण नाही. १९५५ साली वारलेल्या या थोर खेळाडूचा आम्हाला अभिमान आहे. पण घटनेचा अर्थ सरळ आहे. ज्या माणसाला सवर्ण हिंदूंनी अकरा खेळाडूंचे नायकपद पूर्णपणे दिले नाही, त्यालाच अस्पृश्यांचा नायक म्हणून पुढे करायला काँग्रेसला अडचण वाटली नाही. जेथे निर्णय स्वतःच्या हातात ठेवायचा आहे तेथे आमचा माणूस खेळाडू. जेथे आमचाच निर्णय मोडायचा आहे तेथे तो नायक. खेळातला हा डाव राजकारणात आजही खेळला जातो, आणि राखीव जागांवरचे उमेदवार कुठे ठरतात हे वाचकांना सांगायला नको.

नेतृत्वाबरोबर शिक्षणाचाही प्रश्न आहे. त्यासाठी चाळीसगावची एक घटना आठवावी. १९२९ साली सरकारी समितीचे सभासद म्हणून बाबासाहेब खानदेशात फिरत होते. चाळीसगाव स्टेशनावर वस्तीतले लोक त्यांना न्यायला आले. महाराला टांग्यात बसवून नेण्यास एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी तोड निघाली : टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा मिळणार नाही. वस्तीतल्याच एकाने लगाम हाती घेतला. त्याने आयुष्यात टांगा हाकला नव्हता. पुलावर घोडा बिथरला आणि बाबासाहेब दगडावर आदळून जबर जखमी झाले. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

आमच्या जिल्ह्यातल्या या घटनेकडे मी नेहमी खेळाच्या संदर्भातही पाहतो. लगाम मिळणे ही पहिली लढाई आणि लगाम धरायला शिकणे ही दुसरी. हाकायला न शिकवता लगाम हाती द्यायचा आणि गाडी उलटली की "यांना हाकता येत नाही" म्हणायचे, हा नाकारण्याचाच दुसरा प्रकार आहे. पुष्कळ संस्थांत आमच्या माणसाला पद मिळते तेव्हा अधिकार, माहिती आणि मदतनीस यांतले काहीच मिळत नाही. टांगा मिळतो, टांगेवाला मिळत नाही.

६

आता हॉकीकडे येऊ. भारताने ऑलिंपिकमधले हॉकीचे पहिले सुवर्णपदक १९२८ साली ॲमस्टरडॅम येथे मिळवले. पाच सामन्यांत २९ गोल केले, एकही खाल्ला नाही. या संघाचे कप्तान होते जयपाल सिंग, छोटा नागपूरच्या मुंडा आदिवासी घरातले, ऑक्सफर्डला शिकलेले. एक आदिवासी देशाच्या संघाचा नायक झाला, ही गोष्ट विठ्ठल पालवणकरांनंतर पाच वर्षांची. पण अंतिम सामन्यात जयपाल सिंग मैदानावर नव्हते. संघव्यवस्थापनाशी बिनसले आणि त्यांनी संघ सोडला. पदक संघाने जिंकले, कप्तान बाहेर. पुढे ते आदिवासी महासभेचे अध्यक्ष झाले आणि घटना समितीत आदिवासींच्या वतीने निर्भयपणे बोलले. जेथे ठरवायची जागा मिळाली नाही ती त्यांनी दुसऱ्या मैदानावर मिळवली.

सत्तर वर्षांनी, १९९८ साली, बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत भारताने ३२ वर्षांनंतर हॉकीचे सुवर्णपदक जिंकले. कप्तान होते पुण्याच्या खडकीचे धनराज पिल्ले, कामगार वस्तीत वाढलेले. खेळाडूंच्या पैशांविषयी ते स्पष्ट बोलले होते. परतल्यावर त्यांच्यासह सात खेळाडू संघाबाहेर गेले. कारण विश्रांतीचे देण्यात आले. देशभर प्रेक्षक संतापले. येथे प्रश्न जातीचा आहे असे मी म्हणत नाही. प्रश्न तोच जुना, खेळणाऱ्याने बोलायचे की नाही हा. जे महामंडळ हा निर्णय घेत होते त्याच्याच काळात २००८ साली भारत प्रथमच ऑलिंपिकला पात्र ठरला नाही. प्रेक्षकांची बडबड पुष्कळदा समितीच्या शहाणपणापेक्षा खरी ठरते.

आणि मग टोकियो. ३१ जुलै २०२१ रोजी, म्हणजे लळिंगला ज्या तारखेला आमची माणसे जमतात त्याच तारखेला, वंदना कटारियाने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये अशी कामगिरी करणारी ती पहिली भारतीय महिला. ४ ऑगस्टला उपांत्य सामन्यात संघ अर्जेंटिनाकडून १-२ ने हरला. त्या संध्याकाळी हरिद्वारजवळच्या रोशनाबाद गावात तिच्या घरापुढे फटाके फोडले गेले, नाच झाला, शिव्या दिल्या गेल्या, आणि संघात दलित फार झाले म्हणून हरलो असे म्हटले गेले, अशी तक्रार तिच्या कुटुंबाने नोंदवली. गुन्हा दाखल झाला, अटक झाली. संघाची कप्तान रानी रामपाल हिने जाहीरपणे निषेध केला.

रोशनाबादच्या घटनेत प्रेक्षकाचा दुसरा चेहरा दिसतो. १९२० साली प्रेक्षक पालवणकरांच्या बाजूने उभा राहिला. २०२१ साली दुसरा प्रेक्षक संघाच्या निवडीवर मत देतो आणि त्याचे मत मनुस्मृतीचे असते. वंदनेच्या तीन गोलांनी संघ जिंकला तेव्हा तो देशाचा विजय. संघ हरला तेव्हा तिची जात आठवली. विजयाला जात नसते आणि पराभवाला असते, हा अनुभव आपल्यातल्या प्रत्येक कारकुनाने, शिक्षकाने आणि डॉक्टरने घेतला आहे. वंदना २०२५ साली निवृत्त झाली तेव्हा तिच्या नावावर ३२० आंतरराष्ट्रीय सामने आणि १५८ गोल होते. फटाके फोडणाऱ्यांना एवढे उत्तर पुरे आहे.

परदेशी प्रशिक्षकाचा मुद्दा राहिला. त्याला जाती ठाऊक नसतात, हे खरे. ग्रेगलाही बाळूंच्या जातीशी देणेघेणे नव्हते; त्याने गुण पाहिला आणि सांगितला. परका माणूस कधी कधी आपल्या घरातले सत्य बोलतो. पण त्याच क्लबात बाळूंना बॅट मिळाली नव्हती. परका प्रशिक्षक त्याच्यासमोर आणून उभ्या केलेल्या मुलामुलींतून निवडतो. त्याच्यासमोर कोण पोहोचले, कुणाला बूट आणि काठी मिळाली, कुणाला कृत्रिम हिरवळीवर सराव मिळाला, हे त्याच्या आधी, आपल्या गावांत आणि तालुक्यांत ठरून गेलेले असते.

आणि प्रशिक्षक या पदाकडे आपला देश कसा पाहतो? उत्तम प्रशिक्षकाला केंद्र सरकार १९८५ पासून जो पुरस्कार देते त्याचे नाव द्रोणाचार्य. ज्या गुरूने भिल्ल मुलाला शिकवायला नकार दिला, आणि तो स्वतः शिकला तेव्हा त्याचा अंगठा मागितला, त्याच्या नावाने शिक्षकाचा सन्मान होतो. सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा घरांतली मुले मी शिकवतो. त्यांच्यापुढे हे नाव उच्चारताना मला पहिल्यांदा एकलव्याची बाजू सांगावी लागते. एखाद्या पुरस्काराचे नाव ही किरकोळ बाब आहे असे ज्यांना वाटते त्यांनी त्या मुलांचे चेहरे पाहावेत.

७

हा वाद दिल्ली-मुंबईचा नाही. मी शिकत होतो त्या महाविद्यालयात कबड्डीच्या संघातले निम्मे खेळाडू आमच्या वस्त्यांतले होते. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांना जायच्या आधी कप्तानाचे नाव फलकावर लागे; त्याआधी कुणाशी बोलणे होत नसे. एकदा विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "तू चढाई कर, बाकीचे आम्ही बघतो." त्या वाक्यात पुण्याच्या त्या हिंदू क्लबापासूनचा सारा इतिहास आहे, हे नंतर पुस्तके वाचताना कळले. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच असल्याने, "बाकीचे" म्हणजे काय असते हे सांगणारे घरात कुणी नव्हते. बाकीचे म्हणजे निवड, प्रवासभत्ता, सरावाची वेळ, पंचाशी बोलण्याचा हक्क आणि पराभवाचा जाब विचारण्याचा अधिकार.

म्हणून आपल्या तरुणांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली, खेळा, आणि उत्तम खेळा. बाळूंच्या चेंडूशिवाय बाळूंचा वाद उभाच राहिला नसता. दुसरी, खेळून थांबू नका. पंचाची परीक्षा द्या. पतियाळाला १९६१ पासून राष्ट्रीय क्रीडा संस्था आहे. तेथे प्रशिक्षकाची पदविका मिळते, तिची चौकशी करा. महाविद्यालयाच्या जिमखाना समितीच्या बैठकीचे इतिवृत्त मागा, तालुक्याच्या क्रीडा मंडळाचे सभासद व्हा, त्याची घटना वाचा. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला टाळ्या मिळत नाहीत. पण टांगा हाकायला शिकण्याचा दुसरा मार्ग नाही.

आणि जे केवळ प्रेक्षक आहेत त्यांनीही बोलणे सोडू नये. संघाच्या यादीवर वाद घालताना यादीतली नावे आपण वाचतोच. यादीखाली सह्या कुणाच्या आहेत, तेही वाचावे, आणि मोठ्याने वाचावे.